माइनक्राफ्टच्या मल्टिप्लेअर सर्व्हरवर स्वतःचे दुकान कसे चालवावे

माइनक्राफ्ट या ब्लॉक रचून खेळायच्या खेळाच्या सर्व्हायव्हल सर्व्हरवर (जिथे सर्व साहित्य स्वतः मिळवावे लागते) महिनाभर खेळलेल्या प्रत्येकाने स्पॉनजवळची, म्हणजे खेळाडू जगात प्रथम अवतरतो त्या जागेजवळची, ओस पडलेली दुकाने पाहिलेली असतात. दर्शनी भाग देखणा असतो, आत चाळीस पाट्या लावलेल्या असतात आणि त्यांतल्या तीस पाट्यांमागची चेस्ट, म्हणजे मालाची पेटी, रिकामी असते. अशा दुकानात खेळाडू एकदा येतो, हात हलवत परत जातो आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. याउलट एखादे साधे, दगडी भिंतींचे, पाचच वस्तू विकणारे दुकान वर्षभर गजबजलेले राहते, कारण तिथे हवी ती वस्तू हवी तितकी आणि जेव्हा जावे तेव्हा मिळते. दुकानाची जागा, सजावट, जाहिरात या सर्वांचा विचार पुढे केला आहे, परंतु चेस्ट कधीही रिकामी न ठेवणे हे या व्यवसायाचे मूळ आहे आणि प्रत्येक निर्णय त्या कसोटीवर घासून घ्यावा, असे माझे अनुभवांती मत झाले आहे.

आधी सर्व्हर समजून घ्यावा

पहिली वीट रचण्यापूर्वी किमान एक आठवडा निरीक्षणात घालवावा. सर्व्हरवर चलन कोणते आहे, हे सर्वप्रथम पाहावे. काही सर्व्हरवर प्लगइनद्वारे (सर्व्हरला जोडलेल्या जादा प्रोग्रामद्वारे) चालणारे पैसे असतात आणि प्रत्येक खेळाडूचे खाते असते. प्लगइन नसलेल्या सर्व्हरवर बहुधा हिरे हेच चलन असते. दोन्हींचे व्यवहार वेगळे असतात. त्यानंतर सर्व्हरचालकांचे स्वतःचे दुकान आहे का, ते तपासावे. तिथे एखादी वस्तू अमर्याद प्रमाणात ठरावीक भावाने मिळत असेल, तर त्या भावापेक्षा महाग विकणे शक्य नसते. तिथे एखादी वस्तू ठरावीक भावाने विकत घेतली जात असेल, तर त्याखाली तिचा भाव कधी पडत नाही. या दोन आकड्यांच्या मध्ये जी जागा उरते, तीच तुमच्या व्यापाराची जागा.

जग किती दिवसांनी नव्याने सुरू होते, याचीही चौकशी करावी. तीन महिन्यांनी सर्व काही पुसले जाणार असेल, तर मोठ्या गोदामावर श्रम घालवण्यात अर्थ नाही. चॅटमध्ये कोण काय मागत आहे, याची नोंद वहीत करत राहावे. ‘कोणाकडे रॉकेट आहेत का’ हा प्रश्न दिवसातून चार वेळा येत असेल, तर बाजाराने आपली गरज तुम्हाला स्वतःहून सांगितलेली असते.

कोणता माल ठेवावा

२०१६ हे वर्ष या खेळातल्या व्यापाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी उडण्यासाठी एलिट्रा नावाचे पंख आले, एका ब्लॉकमध्ये २७ कप्पे सामावणारा आणि मालासकट उचलून नेता येणारा शल्कर बॉक्स आला, आणि वर्ष संपता संपता रॉकेटच्या साहाय्याने एलिट्राला वेग देण्याची सोयही आली. तेव्हापासून दूरचे गिऱ्हाईकही दुकानापर्यंत काही मिनिटांत पोहोचू लागले आणि ज्या रॉकेटवर ते उडत येते, त्या रॉकेटलाच बाजारात सर्वाधिक उठाव आला. वापरली की संपणारी वस्तू हा दुकानाचा कणा असतो. रॉकेट आणि सोनेरी गाजरे यांचा खप कधी थांबत नाही, कारण आज घेतलेला माल चार दिवसांत संपतो आणि तोच खेळाडू परत येतो.

बांधकामाचा माल दुसऱ्या क्रमांकावर येतो. काँक्रीट, काच, लाकूड, क्वार्ट्‌झ यांची मागणी थोड्या लोकांकडून पण प्रचंड प्रमाणात येते. मोठा किल्ला बांधणारा एकच खेळाडू तुमची संपूर्ण चेस्ट उचलू शकतो. मेंडिंगची (अवजार दुरुस्त करत राहणाऱ्या मंत्राची) पुस्तके, शल्कर बॉक्स किंवा उत्तम मंत्रित हत्यारे यांना चांगला भाव मिळतो, परंतु एकदा घेतल्यावर तो खेळाडू ती वस्तू दीर्घकाळ घेत नाही. म्हणून असा माल थोडाच ठेवावा. सुरुवात पाच किंवा सहा वस्तूंनी करावी. सर्व काही ठेवण्याचा मोह अनेकांना होतो आणि तोच त्यांना बुडवतो.

वस्तू निवडताना तिच्या पुरवठ्याचा हिशेब कागदावर मांडावा. रॉकेटचे उदाहरण घेऊ. एक कागद आणि १ ते ३ गनपावडर यांपासून ३ रॉकेट तयार होतात. म्हणजे जास्तीत जास्त काळ वेग देणाऱ्या रॉकेटचा एक पूर्ण स्टॅक (एका कप्प्यात मावणारे ६४ नग) करण्यासाठी २२ कागद आणि ६६ गनपावडर लागते, तर सर्वांत कमी काळ चालणाऱ्या रॉकेटसाठी तितक्याच कागदांबरोबर २२ गनपावडर पुरते. दोहोंच्या खर्चात इतके अंतर असल्यामुळे आपण कोणते रॉकेट विकतो, हे पाटीवर स्पष्ट लिहिले पाहिजे. कागदासाठी ऊस आपोआप तोडणारे फार्म आणि गनपावडरसाठी क्रीपर या स्फोट होणाऱ्या राक्षसांचे फार्म उभारल्याशिवाय या धंद्यात उतरू नये. हाताने क्रीपर मारून कोणाचीही चेस्ट भरलेली राहत नाही.

काँक्रीटचा हिशेब निराळा आहे. ४ वाळू, ४ ग्रॅव्हेल आणि १ रंग यांपासून ८ काँक्रीट पावडर मिळते. ५४ कप्प्यांची दुहेरी चेस्ट एका रंगाच्या काँक्रीटने पूर्ण भरायची, तर ३,४५६ ब्लॉक लागतात. त्यासाठी १,७२८ वाळू, १,७२८ ग्रॅव्हेल आणि ४३२ रंग हवा. वाळूचा एक भरलेला शल्कर बॉक्स आणि ग्रॅव्हेलचा एक भरलेला शल्कर बॉक्स, असे हे प्रमाण नेमके बसते. रंग मात्र १६ आहेत, शिवाय पावडर पाण्याला लावून घट्ट करणे आणि मग कुदळीने पुन्हा काढणे हे श्रम वेगळेच. एकट्याने सोळाही रंग ठेवू नयेत. पांढरा, करडा, काळा असे ज्यांचा खप दिसतो ते तीन-चार रंग भरपूर ठेवावेत आणि उरलेले आगाऊ मागणीवर करून द्यावेत.

भाव ठरवणे

गिऱ्हाईक दुकानात पैसे देते ते वाचलेल्या वेळेचे. म्हणून भाव ठरवताना घड्याळ लावून बसावे. एक स्टॅक काच करण्यासाठी वाळू खणणे, भट्टीत घालणे आणि दुकानात आणणे यांत आपली किती मिनिटे जातात, ते मोजावे. फार्म नसलेल्या साध्या खेळाडूला त्याच कामास किती मिनिटे लागतील, याचाही अंदाज घ्यावा. समजा तुम्हाला ३ मिनिटे लागतात आणि त्याला १२. सर्व्हरवर एक तास हिरे खणून सरासरी जी कमाई होते, तिच्या प्रमाणात या दोन वेळांचे मूल्य काढले की योग्य भाव त्यांच्या दरम्यान कुठेतरी असतो. मी तो नेहमी खालच्या टोकाकडे झुकता ठेवतो, कारण थोडा नफा आणि सततचा खप यांनी दुकानाचे नाव होते आणि नाव झाले की जाहिरातीची गरज उरत नाही.

हिऱ्यांच्या चलनात एक अडचण असते. हिऱ्याची मोड मिळत नाही, म्हणून भाव एक हिराच ठेवून मालाची संख्या बदलावी लागते. एका हिऱ्याला किती स्टॅक, अशा भाषेत विचार करावा आणि मोठ्या खरेदीसाठी ९ हिऱ्यांच्या एका ब्लॉकला थोडा जास्त माल द्यावा. घाऊक घेणारा त्यानेच बांधला जातो.

माल विकत घेण्याच्या पाट्या लावणार असाल, तर मात्र फार सावध राहावे. येथे भलेभले दुकानदार एका रात्रीत भांडवल गमावून बसतात. समजा तुम्ही लोखंडाचा एक इनगट (लगड) २ रुपयांना विकता आणि लोखंडाचा एक ब्लॉक २० रुपयांना विकत घेता. कोणीही तुमच्याकडूनच ९ इनगट १८ रुपयांना घेईल, त्यांचा ब्लॉक करील आणि तो तुम्हालाच २० रुपयांना देईल. खाते रिकामे होईपर्यंत हे चक्र चालू राहील. व्हिलेजरच्या, म्हणजे खेळातल्या गावकऱ्यांच्या, व्यवहारांतून होणारी चक्रे तर सहज लक्षातही येत नाहीत. लाकडाच्या एका ओंडक्याच्या ८ काठ्या होतात आणि फ्लेचर (बाण बनवणारा गावकरी) ३२ काठ्यांना एक एमराल्ड (पाचू) देतो, म्हणजे ४ ओंडके आणि एक एमराल्ड यांचे मोल जवळपास सारखे ठरते. तुमच्या दुकानात ४ ओंडक्यांच्या किमतीपेक्षा एमराल्डचा खरेदीभाव जास्त असेल, तर तीच गत होणार. नवी पाटी लावण्यापूर्वी त्या वस्तूपासून काय काय बनते आणि ती कशाकशापासून बनते, हे प्रत्येक वेळी तपासावे. खरेदीसाठी वापरायची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येत नसेल, तर खरेदीची चेस्ट लहान ठेवावी. ती भरली की खरेदी आपोआप थांबते.

जागा आणि बांधणी

स्पॉनपासून जितके जवळ तितके चांगले, हे उघड आहे. जवळ जागा मिळाली नाही, तर नेदर या खेळातल्या पाताळासारख्या दुसऱ्या जगातून वाट काढावी. तिथले १ पाऊल बाहेरच्या ८ पावलांइतके असल्यामुळे ८०० ब्लॉक दूर असलेले दुकान नेदरमधून १०० ब्लॉकवर येते. वरून उडत येणाऱ्याला ओळखू येईल असे छप्पर आणि उतरण्यासाठी मोकळे अंगण ठेवावे. आतली वाट किमान तीन ब्लॉक रुंद असावी, म्हणजे दोन गिऱ्हाइके एकमेकांना अडत नाहीत. चेस्टच्या वर सलग ब्लॉक आला तर ती उघडत नाही, म्हणून एकावर एक मांडणी करायची असल्यास बॅरल वापरावे. प्रत्येक कोपऱ्यात उजेड हवा, १.१८ आवृत्तीपासून पूर्ण अंधारातच राक्षस जन्मतात हे खरे, तरी बाहेरून क्रीपर येऊ नये म्हणून अंगणही उजळलेले असावे. वस्तू दाखवण्यासाठी आयटम फ्रेम उत्तम, पण त्यांचा आणि हॉपरचा (माल आपोआप ओढून घेणाऱ्या नरसाळ्याचा) अतिरेक केल्यास सर्व्हर मंदावतो आणि लोक त्या दुकानात जाणे टाळतात.

पाट्या आणि सुरक्षितता

चेस्टशॉप या प्रचलित प्लगइनमध्ये चेस्टवर चार ओळींची पाटी लावायची असते. पहिली ओळ कोरी सोडावी, तिथे तुमचे नाव आपोआप येते. दुसऱ्या ओळीत संख्या लिहावी. तिसऱ्या ओळीत बी (B) या अक्षराबरोबर गिऱ्हाईक तुम्हाला देणार ती किंमत आणि एस (S) या अक्षराबरोबर तुम्ही गिऱ्हाइकाला देणार ती किंमत लिहावी, आणि मध्ये अपूर्णविराम द्यावा. चौथ्या ओळीत वस्तूचे नाव येते. नेमके नाव माहीत नसल्यास प्रश्नचिन्ह लिहावे. बी आणि एस यांची अदलाबदल ही नवख्यांची नेहमीची चूक आहे, म्हणून प्रत्येक पाटी लावल्यावर मित्राला बोलावून एक व्यवहार करून पाहावा. दुसऱ्या कोणत्या प्लगइनवर खेळत असाल, तर त्याची पद्धत सर्व्हरच्या नियमावलीत वाचून घ्यावी.

जमीन आपल्या नावावर संरक्षित करताना तळघरही त्यात घ्यावे. चेस्टखाली कोणी हॉपर लावला तर माल चुपचाप खाली ओघळतो, आणि चोरी कित्येक दिवस कळतही नाही.

रोजचे काम

दुकान उघडल्यानंतरच खरे काम सुरू होते. दुकानाच्या मागे किंवा खाली गोदाम ठेवावे आणि प्रत्येक वस्तूचा एक भरलेला शल्कर बॉक्स तिथे नेहमी तयार असावा. खेळायला आल्यावर पहिली पाच मिनिटे चेस्ट भरण्यासाठी राखून ठेवावीत. कोणती वस्तू किती दिवसांत संपली, हे लिहून ठेवले की महिन्याभरात आपोआप कळते की कशाचा भाव वाढवता येईल आणि कोणती पाटी काढून टाकावी. दोन आठवडे न हललेला माल कमी भावात काढून टाकावा आणि तो कप्पा रॉकेटला द्यावा.

नव्या खेळाडूंकडून कच्चा माल घेण्याची सवय लावून घ्यावी, कारण यात दोघांचेही हित आहे. सर्व्हरवर नुकत्याच आलेल्या मुलाकडे फार्म नसते, पण वेळ असतो. त्याने आणलेल्या उसाला आणि गनपावडरला रास्त भाव मिळाला, तर त्याला पहिली चार नाणी मिळतात आणि तुमची चेस्ट भरलेली राहते. असे खेळाडू पुढे तुमचेच नियमित गिऱ्हाईक होतात. पुरवठा करणाऱ्याला दिलेला भाव न सांगता कमी करू नये. चॅटमध्ये दोन दिवस आधी कळवावे.

शेजारी प्रतिस्पर्धी आला आणि त्याने भाव पाडला, तर लगेच त्याच्याखाली जाऊ नये. त्याची चेस्ट किती दिवस भरलेली राहते, ते पाहावे. एखादा नवशिक्या एक आठवडा स्वस्त विकून दमतो आणि मग गिऱ्हाईक परत येते. त्याचे फार्म खरोखर मोठे असेल, तर त्याच्याशी बोलून माल वाटून घ्यावा. त्याने लोखंड विकावे, तुम्ही काच विकावी, यात दोघांचा वेळ वाचतो. खेळातील त्रुटीचा गैरफायदा घेऊन दुप्पट केलेला माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण तो पकडला गेल्यावर ज्याच्या चेस्टमध्ये सापडतो त्याच्यावरही बंदी येऊ शकते. खऱ्या पैशांच्या बदल्यात खेळातला माल देण्याघेण्याचा प्रस्ताव कोणी ठेवला, तर तो सरळ नाकारावा आणि सर्व्हरचालकांना कळवावा. लहान मुलांनी तर अशा वेळी घरच्या मोठ्यांनाही सांगितले पाहिजे.

परीक्षा किंवा प्रवास यांमुळे काही आठवडे खेळता येणार नसेल, तर जाण्यापूर्वी खरेदीच्या सर्व पाट्या काढून ठेवाव्यात, विक्रीच्या चेस्ट काठोकाठ भराव्यात आणि दारावर परतण्याची तारीख लिहावी. भरवशाचा जोडीदार असेल तर गोदामाची परवानगी त्याला द्यावी आणि कोणत्या चेस्टमध्ये काय भरायचे, ते एका पुस्तकात लिहून गोदामातच ठेवावे.