हृदयाचे ठोके ऐकणारं स्वस्त उपकरण : नळीपासून सुरुवात करा

फायनल इयरला कमी खर्चात इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप करायचं ठरलं, तेव्हा मी पुण्यात पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या बाजारात, जाऊन आधी बोर्ड, डिस्प्ले आणि ब्लूटूथ मॉड्यूल घेऊन आलो. पहिले दोन महिने त्यातलं काहीच लागलं नाही. लागला तो साधा चेस्टपीस (स्टेथोस्कोपची छातीवर ठेवायची चकती), इंचभर रबरी नळी आणि तिच्यात बसवलेला इलेक्ट्रेट माइक, म्हणजे छोटा स्वस्त मायक्रोफोन.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातल्या दोन आवाजांची, म्हणजे 'लब्-डब्'ची, बहुतेक ऊर्जा साधारण २० ते १५० हर्ट्‌झमध्ये असते. चेस्टपीस आणि माइक यांच्यामधून जराशी हवा निसटली, की आधी हाच खालचा पट्टा जातो. मी आठवडाभर गेन, म्हणजे आवाज किती पट मोठा करायचा ते, वाढवत बसलो. दोष नळीच्या सैल टोकात होता. म्हणून आधी तो सांधा सील करा आणि रेकॉर्डिंग चांगल्या हेडफोनवर ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर इतका खालचा आवाज नीट येतच नाही, तेवढ्यावरून सर्किट मोडीत काढू नका.

विजेचा ५० हर्ट्‌झचा हम (गुणगुण) नेमका या पट्ट्यात पडतो. तेवढीच वारंवारता कापणारा नॉच फिल्टर लावावासा वाटतो, पण हमबरोबर ठोक्याचाही अंश जातो. त्यापेक्षा शील्डेड (धातूच्या जाळीचं आवरण असलेली) वायर घ्या, ती आखूड ठेवा आणि सगळं बॅटरीवर चालवा. छातीला लावलेलं उपकरण चार्जिंगवरच्या लॅपटॉपला जोडू नका, हे सुरक्षेसाठीही. आपोआप गेन बदलणारं माइक मॉड्यूलही नको. लब् मोठा की डब्, हेच मग कळत नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते ठोक्यांच्या मोजणीने. नाडी ७२, स्क्रीनवर १४४! लब् आणि डब् वेगवेगळे मोजले जात होते. थ्रेशोल्ड, म्हणजे केवढ्या आवाजाला ठोका मानायचं ती मर्यादा, कितीही बदलला तरी सुटेना. शेवटी आवाजाचं एन्व्हलप (चढउताराची बाहेरची रेषा) काढून ऑटोकोरिलेशन केलं, म्हणजे ती रेषा थोडी थोडी पुढे सरकवून स्वतःशीच कुठे जुळते ते पाहिलं. लब् ते डब् सुमारे ३०० मिलिसेकंद, पण तीच जोडी पुन्हा येते ८३३ मिलिसेकंदांनी, आणि सर्वांत ठळक शिखर तिथेच दिसलं. प्रत्येक नोंद मनगटाची नाडी मोजून पडताळा. बोटावरचा ऑप्टिकल सेन्सर मदतीला चालेल, फक्त बोट दाबून धरलं की तोही चुकतो.

सरावासाठी फिजिओनेट या वैद्यकीय नोंदींच्या संकेतस्थळाच्या २०१६च्या स्पर्धेतल्या हृदयध्वनींच्या नोंदी मोफत मिळतात, सेकंदाला २००० नमुन्यांच्या. त्यात आजारी हृदयंही आहेत, आणि ती ऐकायलाच हवीत. ऱ्हुमॅटिक तापाने झडप बिघडलेल्या मुलाची मर्मर (ठोक्यांमधला जादा घरघरता आवाज) गावच्या आरोग्य केंद्रातच ऐकू यावी, यासाठी तर हा खटाटोप. प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदी घ्यायच्या असतील तर एथिक्स कमिटीकडे (रुग्णांवरच्या अभ्यासाला परवानगी देणारी समिती) पहिल्याच महिन्यात अर्ज करा. आम्ही सहाव्या महिन्यात केला, आणि आमच्याकडे शेवटपर्यंत फक्त हॉस्टेलवरच्या मित्रांचेच ठोके राहिले.