हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल घेताय? आधी काडतूस ठरवा, मग नळी

नोव्हेंबर जवळ आला की इकडे विस्कॉन्सिनमध्ये आपल्या मंडळींपैकी कोणीतरी विचारतंच, हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, आता रायफल कुठली घेऊ? म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे हे सगळं इथल्या सीझनबद्दल. आणि एच-१बी वर असाल तर आधी हंटिंग लायसन्स काढा, कारण फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला बंदूक काय, काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही, आणि त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक म्हणजे चालू हंटिंग लायसन्स.

आता मुद्दा. तुम्ही बसणार कुठे? मचाणावर, दाट झाडीत बसणार असाल तर हरीण ऐंशी-शंभर यार्डांच्या आतच दिसणार, त्यापलीकडे दिसतच नाही. एवढ्या अंतराला १८९५ चं .३०-३० हे काडतूस पण आजही पुरतं. मोठ्या शेताच्या बांधावर बसणार असाल, अडीचशे यार्डांचा नेम लागू शकतो, तर .२४३, ६.५ क्रीडमोर, .३०८ किंवा .३०-०६, यातलं कुठलंही काडतूस घ्या, व्हाइटटेलला, म्हणजे इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला, चारही भरपूर आहेत. ओहायोसारख्या राज्यात मात्र हरणासाठी रायफलीत स्ट्रेट-वॉल, म्हणजे तोंडाशी अरुंद न होणारं सरळ बाजूंचं काडतूसच लागतं, तिथे .३५० लिजेंड वगैरे बघावं लागेल, तेव्हा आपल्या राज्याचे नियम वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

मग चारातून निवडायचं कसं? खांद्यावरून. मी पहिल्यांदा .३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम, या सगळ्यांपेक्षा जोरदार) घेतली होती, २६ इंची नळीची, जास्त ताकद म्हणजे जास्त खात्री असं वाटलं म्हणून. रेंजवर एका अनुभवी मित्राने मला न दाखवता मॅगझिनमध्ये एक डमी राउंड, म्हणजे न उडणारं नकली काडतूस, घातला. मी ट्रिगर ओढला, नुसता टक् आवाज आला आणि नळीचं टोक चांगलं बोटभर खाली गेलं, डोळे मिटलेले. म्हणजे प्रत्येक वेळी धक्क्याच्या भीतीने मी अंग चोरत होतो आणि मला पत्ताच नव्हता. असा नेम हरणाच्या पोटात लागतो, मग ते बिचारं तासन् तास तडफडत जंगलात फिरतं, आणि हे मला अजिबात चालत नाही. साधारण साडेसात-आठ पौंडांच्या रायफलीत .२४३ चा धक्का नऊ-दहा फूट-पाउंड (धक्क्याच्या ऊर्जेचं माप) असतो, ६.५ क्रीडमोरचा बाराच्या आसपास, .३०८ चा सतरा-अठरा, .३०-०६ चा वीसच्या घरात आणि .३०० विन मॅगचा पंचवीसच्या वर. नवीन माणसाला मी ६.५ क्रीडमोर किंवा .३०८ च सांगतो, बारीक चणीचं कोणी असेल तर .२४३, पण त्यात ९५-१०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) हरणासाठीचीच गोळी घाला, कोल्ह्यासारख्या छोट्या प्राण्यांसाठीची हलकी गोळी वरच्यावर फुटते आणि फुप्फुसापर्यंत पोचत नाही. शिवाय जवळच्या दुकानात कुठलं काडतूस कायम मिळतं ते बघून या, सीझनच्या आदल्या आठवड्यात धावपळ नको.

आता नळी. लांब नळी म्हणजे जास्त अचूक हा मोठा गैरसमज आहे, उलट तेवढ्याच जाडीची आखूड नळी जास्त ताठ असते. लांबीने वाढतो तो वेग, कारण दारूच्या वायूला गोळी ढकलायला जास्त जागा मिळते. .३०८ च्या १५० ग्रेन गोळीच्या खोक्यावर साधारण २,८२० फूट प्रति सेकंद लिहिलेलं असतं, पण ते बहुतेक वेळा २४ इंची टेस्ट नळीचं असतं. दर इंचाला वीस-पंचवीस फूट कमी धरा, म्हणजे २० इंची नळीत शंभरेक फूट गेले, हरणाला शंभर यार्डांवर त्याने काडीचा फरक पडत नाही. मचाणावर चढताना, झुडपातून वाट काढताना मात्र ते चार इंच चांगलेच जाणवतात. म्हणून झाडीसाठी .३०८ ला १८ ते २० इंच, ६.५ क्रीडमोर आणि .२४३ ला २२, आणि मॅग्नम घ्यायचीच असेल तर २४ च्या खाली जाऊ नका, त्यात दारू इतकी असते की आखूड नळीत वेगही जास्त पडतो आणि तोंडाशी जाळ-आवाज भयंकर होतो. सप्रेसर (आवाज कमी करायला नळीच्या तोंडाला लावतात ते नळकांडं) लावणार असाल तर त्याचे सहा-सात इंच आधीच हिशोबात धरा. नळी स्वतःहून कापून १६ इंचाच्या खाली मात्र न्यायची नाही, तो फेडरल गुन्हा होतो.

रायफल घरी आली की नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव शेजारी शेजारी धरून वाचा, प्रत्येक वेळी. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस .२२३ च्या रायफलीत बसू शकतं आणि मग रायफल हातात फुटते, तेव्हा दोन्ही घरात असतील तर खोकी वेगवेगळ्या कपाटात ठेवा.