जुना फ्रिज किंवा एसी मोडीत काढताना ओझोनच्या थराची काळजी कशी घ्यावी

यंत्र मोडीत काढण्याआधी त्याच्या पाठीमागची किंवा कॉम्प्रेसरवरची माहितीची पट्टी वाचावी, कारण आत कोणता वायू आहे हे तिथेच लिहिलेले असते आणि पुढची खबरदारी त्यावरच ठरते. आर-१२ हा क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे क्लोरीन, फ्लोरीन व कार्बन यांचा वायू, ओझोनला सर्वाधिक घातक वायूंपैकी एक आहे. जुन्या एसींमधला आर-२२ त्यामानाने सौम्य, पण निर्धोक नव्हे. आर-१३४एमध्ये क्लोरीन नसल्याने ओझोन वाचतो, मात्र तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा तो हजारपटींहून अधिक उष्णता अडवतो. आर-६००ए ज्वालाग्राही असल्याने ठिणगीपासून दूर ठेवावा.

खरा घात होतो तो तांब्यासाठी नळी कापली जाते तेव्हा. फुस्स आवाज होतो आणि क्षणभरात सगळा वायू हवेत मिसळतो. आर-१२ वातावरणात सुमारे १०० वर्षे टिकतो, सावकाश स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असलेल्या उंचीवरच्या हवेत, पोहोचतो आणि तिथल्या प्रखर अतिनील किरणांनी त्यातला क्लोरीन सुटा होतो. असा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. थर विरळ झाला की जमिनीवर पोहोचणारे अतिनील-बी किरण वाढतात, आणि त्यांच्यामुळे त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदू बळावतो, समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींनाही इजा होते. १९८७ च्या माँट्रियल करारामुळे क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन २०१० पर्यंत जगभर बंद करण्याचे ठरले, पण जुन्या यंत्रांत कोंडलेला साठा सांभाळणे आपल्याच हाती आहे.

म्हणून वायू काढून घेण्याचे यंत्र आणि वेगळा सिलिंडर घेऊन येणाऱ्या प्रशिक्षित तंत्रज्ञालाच बोलवावे. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर सिलिंडरचे वजन आपल्यासमोर करायला सांगावे. किती वायू हाती लागला हे त्यातून कळते. एवढा आग्रह धरायला संकोच वाटू देऊ नये. जुन्या फ्रिजच्या भिंतींतल्या फोममध्येही बहुधा आर-११ हा क्लोरोफ्लुरोकार्बन असतो, त्यामुळे फोम फोडू किंवा जाळू नये, सांगाडा अखंडच संकलन केंद्रात द्यावा.

यंत्र अजून वापरात असेल आणि थंडावा कमी झाला असेल, तर नुसता गॅस भरून घेऊ नये. हा वायू वापराने संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. आधी सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहायला सांगावे, गळती बुजवून घ्यावी आणि मगच गॅस भरू द्यावा.