ग्रे इम्पोर्ट की अधिकृत विक्रेता? कॅमेरा घेताना या चुका टाळा

ग्रे इम्पोर्ट म्हणजे नकली माल, ही समजूत आधी दूर केली पाहिजे, कारण पुढच्या कितीतरी चुका तिच्यातूनच होतात. ग्रे मार्गाने आलेला कॅमेरा सहसा त्याच कारखान्यात तयार झालेला अस्सल कॅमेरा असतो. कंपनीने तो एका देशाच्या बाजारपेठेसाठी पाठवलेला असतो आणि कोणीतरी तो तिथे विकत घेऊन, कंपनीच्या अधिकृत वितरकाला बाजूला ठेवून, दुसऱ्या देशात विकायला आणलेला असतो. असा व्यापार सगळीकडे बेकायदा असतो असेही नाही. युरोपीय न्यायालयाने १९९८ मध्ये चष्म्यांच्या एका खटल्यात युरोपबाहेर विकलेला आपलाच माल युरोपात येऊ न देण्याचा ट्रेडमार्कमालकाचा हक्क मान्य केला, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये परदेशात घेतलेली पाठ्यपुस्तके अमेरिकेत विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा ‘माल खरा आहे ना?’ आणि ‘बेकायदा नाही ना?’ एवढे विचारून ग्राहक निश्चिंत होतो आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न राहून जातो: उद्या बिघाड झाला, तर दुरुस्ती कोण करून देणार?

‘वॉरंटी आहे’ या दोन शब्दांवर थांबणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. वॉरंटी निर्मात्या कंपनीची आहे की विक्रेत्याची, हे स्पष्ट विचारून बिलावर लिहून घ्यावे. कॅमेरा बॉडीवरची, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यावरची, कंपनीची वॉरंटी बहुधा ज्या देशात वा प्रदेशात ती अधिकृतपणे विकली गेली तेवढ्यापुरतीच असते. लेन्सच्या बाबतीत नियम कंपनीगणिक बदलतात. विक्रेत्याची वॉरंटी असेल, तर ती तो विक्रेता धंद्यात असेपर्यंतच टिकते आणि दुरुस्ती कोठे होणार, सुटे भाग कोठले वापरणार, हे तोच ठरवतो. पैसे मोजून तरी दुरुस्ती होईल, या भरवशावरही राहू नये. निकॉनची अमेरिकेतील कंपनी ग्रे मार्गाने आलेल्या वस्तूंची दुरुस्ती पैसे घेऊनही करत नाही.

एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर माझ्या पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांच्या लेन्सचा ऑटोफोकस बंद पडला होता. समोरच्या तंत्रज्ञाने लेन्स कॅमेऱ्याला लावूनसुद्धा पाहिली नाही; उलटी धरून माउंटजवळचा, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या कड्याजवळचा, नंबर वाचला, संगणकात घातला आणि लेन्स हलकेच परत सरकवली. गृहस्थांनी चार घड्या घातलेले बिल उलगडले, तर त्यावर ‘लेन्स – १ नग’ एवढेच लिहिलेले होते. ते गेल्यावर बराच वेळ मला वाईट वाटत राहिले, कारण त्यांनी चांगली वस्तू पूर्ण पैसे देऊन घेतली होती आणि तरीही त्यांच्या हातात दाखवण्यासारखे काही नव्हते.

म्हणून सिरियल नंबर नसलेले बिल कधीही स्वीकारू नये. खोक्यावरचे लेबल, बॉडीवर छापलेला नंबर, वॉरंटी कार्ड आणि बिल, या चारही ठिकाणचा नंबर दुकानातच उभे राहून जुळवावा. अनेक कॅमेरे प्रत्येक फोटोच्या फाइलमध्येही आपला नंबर नोंदवतात. माहिती दाखवणाऱ्या एखाद्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये तो वाचता येतो, आणि छापलेल्या नंबराशी तो जुळत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.

खोके आधी उघडले गेले आहे का, याकडेही दुर्लक्ष होते. काही विक्रेते मूळ बॅटरी व चार्जर काढून स्वतंत्र विकतात आणि त्यांच्या जागी दुसऱ्याच कंपनीचे ठेवतात. तसेच पांढऱ्या साध्या खोक्यातली लेन्स बहुधा किटमधून, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स एकत्र विकल्या जाणाऱ्या संचातून, सुटी केलेली असते. ती वाईट नसते, परंतु तिच्यासोबत वॉरंटीचे कागद येतात का, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. बॅटरीच्या बाबतीत मात्र मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही, कारण नकली लिथियम बॅटरी फुगली तर ती कॅमेऱ्यातच अडकून बसते.

वस्तू कोणत्या प्रदेशासाठी बनली, यावर तिचे गुणधर्मही बदलू शकतात. सोनीच्या जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या अनेक मॉडेलांत मेनू केवळ जपानी भाषेत असतो. युरोपसाठीच्या बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत आयात शुल्काच्या वर्गवारीमुळे व्हिडिओ सलग २९ मिनिटे ५९ सेकंदांपुढे जात नाही. या मर्यादा काढण्यासाठी अनधिकृत सॉफ्टवेअर वापरण्याचा मोह आवरावा. ते फसले तर बॉडी निकामी होऊ शकते.

किमतीची तुलना करताना लोक दोन आकडे शेजारी ठेवतात आणि थांबतात. माल परदेशातून थेट येणार असेल, तर सीमाशुल्क कोण भरणार आणि परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, हेही त्यात धरावे लागते. परत पाठवणे वाटते तितके सोपे नसते: २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवता येत नाहीत. ऑनलाइन बाजारात संकेतस्थळाचे नाव मोठे असले तरी प्रत्यक्ष विक्रेता दुसराच असतो. त्याचे नाव वाचून कंपनीच्या संकेतस्थळावरील अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत ते शोधावे.

ग्रे कॅमेरा आधीच घेतला असेल, तर घाबरून जाण्याचे कारण नाही, पण परतीची मुदत संपण्याआधीचे दिवस वाया घालवू नयेत. दोन्ही कार्ड स्लॉट, सगळे पोर्ट, चौकटीच्या चारही कोपऱ्यांतला ऑटोफोकस तपासावा. लेन्सला झाकण लावून काही सेकंदांचे एक्स्पोजर घेऊन चमकणारे पिक्सेल शोधावेत. खोके, पिशव्या, पट्टा, सगळे जपून ठेवावे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर कळवून पैसे घेऊन तरी दुरुस्ती होईल का, हे आताच विचारावे. नकार मिळाल्यास त्या मॉडेलचे सुटे भाग मिळवू शकणारा स्वतंत्र कारागीर शोधून ठेवावा.

ट्रायपॉड, फिल्टर किंवा पूर्णपणे हाताने फोकस करायची लेन्स ग्रे मार्गाने घेतली तर बिघडण्यासारखे फारसे काही नसते आणि वाचलेले पैसे खरोखर वाचतात. ज्या बॉडीवर आणि ऑटोफोकस लेन्सवर पुढच्या आठवड्यातले काम अवलंबून आहे, ती मात्र मी अधिकृत विक्रेत्याकडूनच घेतो.