शेलची हिस्टरी गायब होते? या चुका टाळा

शेल म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, आणि हिस्टरी म्हणजे दिलेल्या कमांडची यादी. बॅश या शेलमध्ये एंटर दाबलं की कमांड आधी फक्त मेमरीतल्या यादीत जाते. होम डिरेक्टरीतल्या '.बॅश_हिस्टरी' फाइलमध्ये ती उतरते शेल बंद होताना. 'हिस्टरी गेली' या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते एका वेळी दोन-तीन टर्मिनल उघडी असताना. 'हिस्टअपेंड' पर्याय बंद असेल, तर प्रत्येक शेल जाता जाता फाइल नव्याने लिहितं. जे टर्मिनल शेवटी बंद केलं त्याची यादी उरते, आधी बंद केलेल्यांचं काम पुसलं जातं. उबंटू या लिनक्सच्या तयार '.बॅशआरसी'मध्ये (शेल सुरू होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) हा पर्याय चालू असतो, पण प्रत्येक सर्व्हरवर तसंच असेल हे धरून चालू नका. 'शॉप्ट हिस्टअपेंड' टाका, ऑन की ऑफ ते लगेच दिसेल. ऑफ असेल तर 'शॉप्ट -एस हिस्टअपेंड' ही ओळ '.बॅशआरसी'त घाला, म्हणजे शेल फाइल नव्याने न लिहिता तिच्या शेवटी जोडेल.

तेवढ्यावर थांबू नका, कारण हे जोडणंही शेल बंद होतानाच होतं. 'किल -९'ने शेल सक्तीने मारलं किंवा लॅपटॉपची बॅटरी संपली, तर त्या सत्रातलं सगळं जातं. यावर खात्रीचा उपाय म्हणजे 'प्रॉम्प्ट_कमांड' या व्हेरिएबलमध्ये 'हिस्टरी -ए' ठेवणं. मग पुढचा प्रॉम्प्ट येण्याआधीच नवी कमांड फाइलला जोडली जाते. व्हेरिएबलमध्ये आधीचं काही असेल तर ते पुसू नका, अर्धविराम देऊन पुढे जोडा. शेजारच्या टर्मिनलमधली कमांड इथे हवी असेल, तर इथे 'हिस्टरी -एन' टाका.

जुन्या कमांड अचानक ५०० वर आल्या? बॅशची मूळ मर्यादा तेवढीच आहे. 'हिस्टसाइझ' मेमरीतली यादी ठरवतं, 'हिस्टफाइलसाइझ' फाइलमधल्या ओळी. दोन्ही वाढवा. लॉगिन शेल (लॉगिन करताना सुरू होणारं) '.बॅश_प्रोफाइल' वाचतं, त्यातून '.बॅशआरसी' बोलावली नसेल, तर तुमची मोठी मर्यादा लागूच होत नाही आणि तेच शेल फाइल छाटून टाकतं. हे टाळायचं तर 'हिस्टफाइल' या व्हेरिएबलमध्ये हिस्टरीच्या फाइलचं दुसरं नाव द्या, म्हणजे बिनसेटिंगचं शेल तुमच्या खऱ्या फाइलला हात लावणार नाही. बॅश ४.३ पासून दोन्ही आकड्यांना -१ दिलं की मर्यादाच उरत नाही.

काहीच साठत नसेल, तर 'एलएस -एल'ने फाइलचा मालक पाहा. सुडोने (रूटच्या अधिकाराने कमांड चालवणारी कमांड) उघडलेल्या शेलमुळे ती कधी कधी रूटच्या, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनच्या, नावावर जाते. मालक बदलणाऱ्या 'सुडो चोन'ने परत घ्या.

चुकून पासवर्ड टाइप झाला तर 'हिस्टरी -डी' आणि त्या ओळीचा क्रमांक, मग 'हिस्टरी -डब्ल्यू'. नुसत्या पहिल्या कमांडने फाइलमधली ओळ जात नाही. दुसरीने मात्र फाइल मेमरीतल्या यादीने पूर्ण बदलते, म्हणून आधी 'हिस्टरी -एन' करून इतर टर्मिनलचं लिखाण आत घ्या. आणि पासवर्ड बदलाच, कारण कमांड चालू असताना 'पीएस'मध्ये (चालू प्रोग्रामची यादी दाखवणारी कमांड) तो दुसऱ्यांनाही दिसू शकतो. पुढच्या वेळेसाठी 'हिस्टकंट्रोल'मध्ये 'इग्नोरस्पेस' ठेवा: सुरुवातीला एक स्पेस दिलेली कमांड नोंदवलीच जात नाही.

प्रत्येक कमांड कधी दिली ती वेळ हवी असेल तर 'हिस्टटाइमफॉरमॅट'ला '%एफ %टी ' द्या. शेवटची स्पेस विसरलात तर वेळ आणि कमांड चिकटून येतात. हे लावण्याआधीच्या ओळींना वेळच साठवलेली नसते. त्या सगळ्या एकच वेळ दाखवतात, तिच्यावर विसंबू नका. शिवाय सर्व्हर यूटीसीवर (भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) असेल, तर अंधेरीच्या ऑफिसातून दुपारी ३ वाजता दिलेली कमांड ०९:३० ची दिसते. फाइलमध्ये सेकंदांचा कच्चा आकडा असतो, त्यामुळे 'टीझेड' या टाइम झोनच्या व्हेरिएबलला 'एशिया/कोलकाता' देऊन एक्सपोर्ट केलं की जुन्या नोंदीही मुंबईच्या वेळेत दिसतात.