लॉर्ड हॅरिस यांचे चरित्रटिपण कसे लिहावे

कोल्हापुरात बसून मुंबईच्या गव्हर्नरचे चरित्र लिहायचे असेल, तर सुरुवात २ एप्रिल १८९४ या तारखेपासून करावी. शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा त्या पदावर लॉर्ड हॅरिस होते (१८९०–९५).

त्यानंतर घराण्याकडे वळावे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण जिंकणाऱ्या सेनापती हॅरिस यांना मिळालेल्या किताबातच श्रीरंगपट्टण आणि म्हैसूर ही नावे आहेत, आणि टिपू सुलतानाच्या पाडावातून आलेली ही सरदारकी आपल्या चरित्रनायकाकडे १८७२ मध्ये वारशाने आली, हे ठळकपणे नोंदवावे. त्रिनिदादमधील जन्म (१८५१), ईटन आणि ऑक्सफर्ड येथील शिक्षण व इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कर्णधारपद एका परिच्छेदात आटोपावे.

खरा कस कारकिर्दीच्या मूल्यमापनात लागतो. मुंबईत जिमखान्यांना जागा दिल्याचे श्रेय त्यांना अवश्य द्यावे. परंतु ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत दंगल पेटली असताना ते पुण्यात होते आणि शहरात उशिरा परतले, म्हणून झालेली टीकाही तितक्याच स्पष्टपणे मांडावी. क्रिकेटच्या कौतुकात ही बाजू झाकली जाते आणि ते मला अन्यायाचे वाटते.

साधनांसाठी करवीर नगर वाचन मंदिर आणि कोल्हापूरचे पुराभिलेख कार्यालय गाठावे. संस्थानाचा सरकारशी पत्रव्यवहार पोलिटिकल एजंटमार्फत चाले; त्यामुळे दप्तरात केवळ हॅरिस हे नाव न शोधता एजंट आणि गव्हर्नर या हुद्द्यांखालील नोंदीही वर्षवार चाळाव्यात.