अ‍ॅरनच्या किनाऱ्यावर चालायला जाताय? या चुका टाळा

राजगड-तोरणा केलेल्या माणसाला स्कॉटलंडच्या अ‍ॅरन बेटाचा नकाशा बघून हसूच येतं. बेटाला वळसा घालणारी पायवाट साधारण १०५ किलोमीटर, तीही बरीचशी समुद्रालगत. आम्हीही हसलो होतो.

चूक तिथेच झाली. किलोमीटर मोजले, ओहोटी बघितली नाही. दक्षिणेला किल्डोनन ते लॅग या टप्प्यात बेनन हेडच्या कड्याखालून जावं लागतं. वाट म्हणायची इतकंच. शेवाळलेल्या धोंड्यांवर एकेक पाऊल चाचपून टाकायचं. ताशी चार किलोमीटरचा हिशोब इथे विसरा. भरतीच्या वेळी इथून जाता येत नाही, म्हणून पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी धोंड्यांपाशी पोहोचा, म्हणजे पाणी ओसरत असताना पार व्हाल. वेळ हुकली तर वरून जाणारा पर्यायी मार्ग धरा.

आमची वेळ हुकली ती घड्याळामुळे. ब्रिटनमधली भरती-ओहोटीची कोष्टकं बऱ्याचदा ग्रीनिच वेळेत असतात आणि उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, म्हणून आम्ही एक तास मिळवला. अ‍ॅपने तो आधीच मिळवलेला होता! पोहोचलो तेव्हा पाणी चढायला लागलेलं. कोष्टकाच्या वर कोणती वेळ लिहिली आहे ते आधी वाचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, हे कोकणातल्यांना सांगायला नको. पाण्याने अडवलंच तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागा. रेंजचा मात्र भरवसा नाही, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी परतायची वेळ सांगून निघा.

परतीची फेरीबोट आणि ग्लासगोहून विमान एकाच दिवशी ठेवू नका. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात.

उन्हाळ्यात वारा पडला की मिज येतात, चिलटांएवढ्या चावऱ्या माश्या. साध्या मच्छरदाणीतून त्या आरामात आत शिरतात. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी हवी. गवतातून चालल्यावर रोज रात्री अंगावर गोचीड शोधा, कारण तिथल्या गोचिडीमुळे लाइम रोग होऊ शकतो.

आणि उत्तरेला लॉकरांझाजवळ घाई करू नका. भूशास्त्रज्ञ जेम्स हटनने १७८७ मध्ये इथे जुन्या खडकांच्या तिरक्या थरांवर नवे थर वेगळ्याच कोनात बसलेले पाहिले. पृथ्वी फार फार जुनी आहे, या त्याच्या विचाराला असेच खडक पुरावा ठरले. दिसायला अगदी साधे आहेत, आम्ही तर आधी त्यांच्यावर बसून डबा खाल्ला.